झोपेत दात खाता? मग सुरुवात इथून करा

झोपेत दात खाणाऱ्याला त्याचा पत्ता सहसा सगळ्यात शेवटी लागतो. आधी कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. वन रूम किचनमध्ये तर अख्ख्या घराला कळतं, कारण पंख्याच्या घरघरीवरही तो करकर आवाज वेगळा ऐकू येतो. काहींना मात्र दातांचे डॉक्टर सांगतात. दाढ किडली म्हणून दाखवायला जावं आणि "तुम्ही रात्री दात खाता का हो?" हा प्रश्न घेऊन घरी यावं. मग फोनवर शोधायला बसलं की नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं आवरण), बोटॉक्स, मॅग्नेशियमच्या गोळ्या यांच्या जाहिराती मागे लागतात. या टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही सवय एका फटक्यात बंद करणारा इलाज आज नाही. दात वाचवायचे, दुखणं कमी करायचं, आणि सवयीला खतपाणी घालणारं काही सापडलं तर ते दूर करायचं, एवढंच उपचारांच्या हातात असतं. त्यामुळे कोणता उपाय करायचा याच्याइतकाच तो कधी करायचा याला अर्थ आहे. स्वस्त आणि मागे घेता येणारं आधी, महाग आणि कायमचं सगळ्यात शेवटी. बहुतेकांना शेवटापर्यंत जावंच लागत नाही.

आधी बघा: दिवसा की रात्री?

याला डॉक्टरी भाषेत ब्रक्सिझम म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण उपाय वेगळे, म्हणून आधी हे लक्षात घ्या.

झोपेतला प्रकार आपल्या ताब्यात नसतो. झोप उथळ असते तेव्हा मेंदू मधूनमधून काही सेकंद अर्धवट जागा होतो. त्या वेळी हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू तालात आवळतात. आपण जागे होत नाही, सकाळी काही आठवतही नाही. प्रौढांमध्ये साधारण दहा-बारा जणांमागे एकाला हे होतं, मुलांमध्ये प्रमाण जास्त आणि उतारवयात कमी. 2018 साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जी व्याख्या मांडली तिच्यानुसार, इतर काही विकार नसलेल्या माणसात हा आजार मानायचा नाही. ती स्नायूंची एक वागणूक आहे. काहींना तिचा त्रास होतो, काहींना अजिबात होत नाही. तेव्हा डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला म्हणून लगेच धास्तावू नका.

दिवसाच्या प्रकारात आवाज नसतो. दात घासले जात नाहीत, नुसते एकमेकांवर आवळून धरलेले असतात. एक्सेल शीटमध्ये डोकं घातलेलं असताना, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, विरार लोकलला लटकताना, साहेबांचा मेसेज वाचताना. हे आत्ता तपासता येईल. वाचता वाचता थांबा आणि बघा, वरचे आणि खालचे दात टेकलेले आहेत का? टेकलेले असतील तर तिथेच एक धागा सापडला. जबडा निवांत असताना ओठ मिटलेले असतात, पण दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. जेवण आणि गिळणं सोडलं तर दातांनी एकमेकांना भेटायचं काही कारण नसतं.

ढोबळ खूण अशी: सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, कानशिलं जड, आणि आंघोळ-चहा होईतो बरं वाटायला लागलं, तर रात्रीचा संशय घ्या. सकाळी ठीक आणि संध्याकाळी सहाच्या गाडीत बसेपर्यंत गाल ठणकायला लागले, तर दिवसाचा.

आरशासमोर पाच मिनिटं

ट्यूबलाइटखाली उभे राहा, हवं तर फोनचा टॉर्च घ्या.

गालाची आतली बाजू बघा. दाताच्या रेषेत आडवी पांढरट रेघ उठलेली दिसेल. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतील, जीभ कातरल्यासारखी. या दोन्ही खुणा दात न खाणाऱ्यांतही आढळतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका. मग सुळे बघा. सुळ्याला टोक असायला हवं. ते सपाट झालं असेल आणि जबडा थोडा बाजूला सरकवल्यावर वरचा-खालचा सुळा अगदी चपखल बसत असेल, तर घासाघास झालेली आहे. फक्त ती आत्ता चालू आहे की दहा वर्षांपूर्वीची, हे झिजलेला दात सांगत नाही.

आता दोन्ही हातांची बोटं गालांवर, जबड्याच्या कोनाच्या जरा वर ठेवा आणि दात आवळा. जो टणक गोळा वर येतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. सैल सोडून तिथे दाबा. दुखतंय का? कानशिलावरही तसंच करा. शेवटी तोंड उघडून स्वतःची तीन बोटं, उभी एकावर एक, पुढच्या दातांमध्ये बसतात का ते बघा. बहुतेकांना बसतात.

इथे आपल्याकडच्या काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. दात झिजतात ते फक्त दात खाण्याच्या सवयीमुळे नाही. मशेरी लावणाऱ्यांचे दात हिरडीजवळ आणि दर्शनी बाजूला झिजतात. ब्रश जोरात घासणाऱ्यांचेही तिथेच. लिंबूपाणी, कोल्ड्रिंक यांचा मारा असेल किंवा रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल, तर आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं आणि मग थोड्या घासण्यानेही भराभर झीज होते. आणि तुम्ही सुपारी, गुटखा किंवा मावा खात असाल, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल आणि तीन बोटं बसत नसतील, तर दात खाण्याच्या नावावर बिल फाडू नका. ते सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाणं, असू शकतं. ती कर्करोगाच्या आधीची अवस्था मानली जाते. हा लेख बाजूला ठेवा आणि तोंड दाखवून या.

दोन आठवडे नोंद ठेवा

हा टप्पा लोक टाळतात आणि मला वाटतं इथेच पैसे वाचतात. एक साधी वही किंवा फोनमधलं नोट्स पुरे. सकाळी उठल्या उठल्या लिहा: जबडा दुखतोय का, डोकं दुखतंय का, शून्य ते दहात किती. रात्री लिहा: शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता, दारू घेतली का, सिगारेट किती, दिवस कसा गेला, झोपायला किती वाजले. घरातल्यांना विचारा, आवाज आला का, घोरणं होतं का. एकटे राहत असाल तर फोनवर रात्रीचा आवाज टिपणारी ॲप्स आहेत, पण खिडकीबाहेरचा मुंबईचा आवाज त्यात इतका येतो की फार विश्वास ठेवू नका.

नोंदीत काय शोधायचं? कॅफिन, दारू, तंबाखू या तिघांचा झोपेतल्या दात खाण्याशी संबंध वारंवार दिसलेला आहे. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सात वाजता टपरीवर घेतलेली कटिंग मध्यरात्रीही थोडी शिल्लक असते. दारूने झोप पटकन लागते पण उत्तररात्री ती तुटत राहते, आणि तुटक झोपेतच दात खाल्ले जातात.

औषधांची यादीही काढा. नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी काही औषधं, जसं फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, काहींमध्ये ही सवय सुरू करतात किंवा वाढवतात. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दात खाणं सुरू झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना तसं सांगा. ते डोस किंवा औषध बदलू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. दात दुरुस्त होतात, औषध तडकाफडकी सोडून जे उलटतं ते निस्तरणं त्याहून अवघड.

ताण हे कारण आहे का? दिवसाच्या आवळण्याशी ताणाचं नातं बरंच पक्कं आहे. रात्रीच्या बाबतीत ते लोक समजतात तितकं सरळ नाही. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला म्हणून अर्धवट आहे, आणि कर्जाचा हप्ता थकलेल्या माणसाला तर तो चिडवल्यासारखाच वाटतो.

दुर्लक्ष केलं तर काय होतं

इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा गेला की परत येत नाही. तो झिजला की आतलं पिवळसर, मऊ डेंटिन उघडं पडतं. मग गारेगार पाणी प्यायलं की दात शिवशिवतात. पुढे दातांचे कोपरे उडतात, भरलेली सिमेंटं निघतात, कॅपचं सिरॅमिक तडकतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दाढेला गेलेली बारीक चीर. एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतच नाही. चावताना, विशेषतः चावून सोडताना, सणक येते. पेशंट म्हणतो दाढ दुखते, बघितलं तर कीड नाही. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून पर्याय राहत नाही.

स्नायूंचं वेगळं. व्यायामाने दंड भरावा तसा मॅसेटर भरतो आणि चेहरा खालून चौकोनी दिसायला लागतो. कानशिलं दुखतात. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जावं तर कान स्वच्छ असतो, कारण जबड्याचा सांधा कानाला अगदी खेटून आहे आणि तिथलं दुखणं कानातलं वाटतं. सांध्यातून कटकट आवाज येतो. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल तर त्यावर सहसा काही करावं लागत नाही.

इम्प्लांट लावलेल्यांनी जास्त सावध राहायचं. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, ती दाब झेलते आणि जाणवूनही देते. इम्प्लांट थेट हाडात बसतं, त्याला ती गादी नाही. तेव्हा इम्प्लांट, व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ थर) किंवा मोठं कॅपचं काम ठरवण्याआधी "मी दात खातो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

आजपासून घरी काय करायचं

दिवसाच्या आवळण्यावर सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे. 'न' म्हणा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे जिथे टेकलं, तिथेच हलकं राहू द्या. ओठ मिटा, दात सुटे. श्वास नाकाने. जबडा असाच असायला हवा. अवघड काय, तर दिवसभर हे आठवणं. त्यासाठी खूण लावून घ्या. ऑफिसात मॉनिटरच्या कोपऱ्यावर रंगीत टिकली चिकटवा. गाडीत असाल तर "पुढील स्टेशन" ही घोषणा कानावर पडली की जबडा तपासा. ठाण्याहून सीएसएमटीची स्लो पकडली तर अठरा वेळा आठवण होते, आणि तीही रेल्वेच्या खर्चाने. दात आवळलेले सापडले तर स्वतःवर चिडू नका, खांदे खाली सोडा, 'न' म्हणा, पुढे चला. काही आठवड्यांत हात आपोआप सुटतो तसा जबडाही सुटायला लागतो.

जबडा दुखत असेल तर ओला गरम टॉवेल दोन्ही गालांवर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग बोटांनी गोल गोल हलका मसाज. काही दिवस मऊ खा: मेतकूट-भात, खिचडी, उपमा, वरणात कुस्करलेली पोळी. चिक्की, ऊस, भाजलेले चणे, कडक चकली, मटणाची नळी फोडणं, बर्फ चावणं, च्युइंगगम हे बंद. दिवाळीत कडबोळी समोर असताना हे पाळणं कठीण आहे, मान्य, पण चहात बुडवून खाल्लीत तर कोणी हसणार नाही. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे जबडा फार ताणला जात नाही. फोन मान आणि खांद्यात दाबून बोलू नका. पालथं झोपू नका.

वेदनाशामक गोळी दोन-तीन दिवस ठीक, पण ॲसिडिटी, किडनीचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर केमिस्टला विचारून नव्हे, डॉक्टरला विचारून. मॅग्नेशियमच्या गोळ्यांमागचा पुरावा फारच कमकुवत आहे. त्या पैशांत सोनकेळी येतील.

रात्रीसाठी: दुपारनंतर कॅफिन बंद, झोपण्यापूर्वी तीन-चार तास दारू नाही, झोपायची वेळ शक्य तितकी एकच. शिफ्ट ड्युटी करणाऱ्याला शेवटचं जमत नाही हे मला माहीत आहे. त्यांनी निदान दिवसा झोपताना खिडकीला जाड पडदा आणि कानात बोळे, एवढं करावं.

डॉक्टर कोणाला दाखवायचे, मुंबईत कुठे

दोन आठवड्यांच्या नोंदीनंतर त्रास असेल, दात झिजलेले दिसत असतील किंवा एखादी दाढ सणकत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. गल्लीतले बीडीएस डॉक्टर सुरुवातीला पुरेसे आहेत. त्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत असते आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो.

खर्चाची चिंता असेल तर मुंबईत दोन मोठी सरकारी ठिकाणं आहेत. एक सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. दुसरं मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, आणि "जबडा दुखतो, दात खातो" असं सांगा. पहिल्यांदा बहुधा ओरल मेडिसीन विभागात पाठवतात. तिथे तपासून गरज वाटली तर ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे काढतात. गार्डचं काम प्रोस्थोडॉन्टिक्सकडे, म्हणजे कवळ्या आणि कॅप करणाऱ्या विभागात होतं. शिकणारे डॉक्टर काम करतात, वर शिक्षकांची नजर असते. वेळ जातो, फेऱ्या होतात, पण घाई न करता बघतात हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. एक दिवस रजा टाकूनच जा.

जाताना नोंदवही, औषधांची यादी आणि जुने एक्स-रे घ्या. घोरत असाल तर तेही सांगा.

नाइट गार्ड: घेण्याआधी आणि घेतल्यावर

गार्ड म्हणजे दातांवर बसणारं पारदर्शक आवरण, बहुतेक वेळा वरच्या दातांसाठी. तो दात खाणं थांबवत नाही. दातांऐवजी तो झिजतो, एवढंच. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही. हे समजून पैसे द्या.

मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड स्वस्त असतात. चार दिवसांची गरज भागवायला चालतील. पण ते जाड, ढिले आणि मऊ असतात, आणि मऊ गार्डवर काही लोक च्युइंगगमसारखे आणखी जोरात चावतात. टिकाऊ काम हवं तर कडक ॲक्रिलिकचा, तुमच्या दातांच्या मापाचा गार्ड करून घ्या. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्डही असतात. त्यांनी मागच्या दाढा सरकून चावा बिघडू शकतो, शिवाय वस्तू छोटी असल्याने गिळली जाण्याचा धोका. डॉक्टरांच्या देखरेखीविना ते नकोतच.

पहिल्या फेरीत माप घेतात, कधी पेस्टने, कधी स्कॅनरने. मग लॅबमध्ये गार्ड बनतो आणि पुढच्या फेरीत बसवतात. ही दुसरी फेरी खरी महत्त्वाची. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि गार्डवर उमटलेल्या खुणा बघून घासून घासून सगळ्या दातांचा दाब सारखा करतात. हे न करता "घ्या, लावा" म्हणून गार्ड हातात दिला तर थांबवा आणि विचारा. पैसे ठरवताना हेही विचारा: लॅबचा खर्च धरलाय का, नंतरच्या फेऱ्या धरल्यात का, गार्ड तुटला तर काय. बोरिवलीतला आणि बांद्र्यातला भाव सारखा नसतो, म्हणून दोन ठिकाणी विचारायला लाजू नका.

सुरुवातीच्या रात्री लाळ सुटते, कोरडंही वाटतं, झोपेत काढून उशीखाली टाकला जातो. आठवडा-दोन आठवडे द्या. सकाळी काढल्यावर दात थोडा वेळ नीट मिटत नाहीत, ते ठीक. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर दाखवून या.

निगा सोपी. थंड पाणी, मऊ ब्रश, हात धुण्याचा साधा साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. पावसाळ्यात घट्ट डबीत ओला गार्ड ठेवला की वास आणि बुरशी, म्हणून आधी वाळवा आणि भोकं असलेली डबी वापरा. गावाला जाताना कागदात गुंडाळून ठेवू नका. असे किती गार्ड सकाळी कचऱ्यात गेले असतील याची गणती नाही.

घोरणं असेल तर थांबा

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग, वाढलेला रक्तदाब. यातलं काही असेल तर स्लीप ॲपनियाची शंका घ्या. अशा काही रुग्णांत वरच्या दातांचा साधा गार्ड लावल्याने श्वासाचा त्रास वाढल्याचं आढळलं आहे. म्हणून आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्लीप स्टडी. ॲपनिया निघालाच तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) किंवा खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं उपकरण लागतं. तिथे गार्डपेक्षा श्वास महत्त्वाचा.

बोटॉक्स, दात घासून देणं आणि इतर मोठे उपाय

अंधेरी-बांद्र्याच्या क्लिनिकांत "जॉलाइन" म्हणून विकलं जाणारं इंजेक्शन तेच. मॅसेटरमध्ये बोट्युलिनम टॉक्सिन दिलं की स्नायू दुबळा होतो. मेंदूकडून येणारे इशारे चालूच राहतात, फक्त जोर कमी. परिणाम साधारण तीन-चार महिने, मग पुन्हा खर्च. चावताना थकवा येतो, चुकीच्या जागी गेलं तर हसू वाकडं होतं, आणि वारंवार दिल्याने जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याबद्दल शंका घेतली गेली आहे. बाकी सगळं करूनही असह्य दुखणाऱ्यांसाठी हा पर्याय आहे. पहिल्याच भेटीत कोणी तो पुढे केला तर मी तरी दुसरं मत घेईन.

आणखी एक गोष्ट ठामपणे नाकारा. "तुमचा चावा बरोबर नाही म्हणून तुम्ही दात खाता, थोडे थोडे घासून बरोबर करू" असं म्हणून चांगले दात घासायला कोणी निघालं, तर नको म्हणा. हा जुना समज आहे. चाव्यातल्या बारीक फरकांमुळे माणूस दात खातो याला आधार मिळालेला नाही, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. निव्वळ या सवयीसाठी तारा लावण्याचंही तेच. झिजलेले, तुटलेले दात भरणं किंवा त्यांना कॅप घालणं हे वेगळं. त्याची गरज पडते, पण तेही जमेल तिथे साध्या कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, सुरू करावं आणि वर गार्ड लावावा. नाहीतर नवी कॅपही खाल्ली जाईल.

मान-जबड्याच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीचा उपयोग होतो. चिंता फार असेल तर समुपदेशनाचा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास फुकट चालते, मराठीतही बोलता येतं.

मुलं दात खातात तेव्हा

आजी म्हणणार, जंत झालेत. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी जरूर द्या, पण ती जंतांसाठी. दात खाणं त्याने थांबलं नाही तर आजीला दोष नको आणि गोळीलाही नको.

दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत बहुतेक मुलांचं हे आपोआप कमी होतं. गार्ड सहसा देत नाहीत, कारण जबडा वाढत असतो. लक्ष द्यायचं ते वेगळ्याच गोष्टींकडे: मूल तोंड उघडं ठेवून झोपतं का, घोरतं का, झोपेत फार घामेजतं का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड वाढले असतील तर श्वास अडतो. तेव्हा मुलांच्या डॉक्टरांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

लगेच जायचं ते कधी

तोंड उघडं राहून मिटत नसेल किंवा अचानक उघडेनासं झालं. ताप आणि सूज असेल. जिना चढताना जबडा भरून येतो आणि थांबल्यावर बरा होतो, छातीत जडपणा, घाम. हे हृदयाचं असू शकतं, दातांच्या नव्हे, इमर्जन्सीच्या दारात जा. वय पन्नाशीपुढचं, कानशिलावर नवीन डोकेदुखी, चावताना जबडा लवकर थकणं आणि नजर अंधुक. यात रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. त्याच दिवशी दाखवा.

पुढे

गार्ड लागल्यावर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना तो बरोबर न्या, डबीसकट. त्यावर पडलेले ओरखडे आणि खड्डे बघून डॉक्टरांना कळतं की अजून किती चालू आहे आणि कोणत्या बाजूला जास्त. वरचे-खालचे दात दिसतील असे फोनवर फोटो काढून तारखेसह ठेवा, दर वर्षी तेच फोटो पुन्हा काढा. झीज इतकी सावकाश होते की फोटो शेजारी ठेवल्याशिवाय ती डॉक्टरांनाही नेमकी सांगता येत नाही. दात भरला, नवी कॅप बसली किंवा दाढ काढली, की जुना गार्ड आधी तपासून घ्या. तो बसेनासा होतो, आणि जोर लावून बसवला तर दात सरकतात.